हात कशानं सुटले

समजा मुलांनो, तुमच्यासमोर एक मुलगी उभी आहे. जी चूक तिची नाही, तीच ती स्वतःची मानून बसली आहे. खरं काय ते फक्त तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही किती दिवस गप्प राहाल?

नवाबभाऊ महिनाभर गप्प होते. भामरागडच्या बाजारात एका खोलीत ते इंजेक्शनच्या सुया टोचून देत. आज गुणाबाई पाच वर्षांच्या धनराजला पुन्हा घेऊन आली. त्याचं उजवं पाऊल लोंबत होतं, चालताना बोटं जमिनीला घासत होती.

"ताकदीची सुई द्या भाऊ. अन् या बारीनं त्याचे पाय हिच्या हाती नका देऊ," थोरल्या मुलीकडे बोट करून गुणाबाई म्हणाली. "मागं हिनं सोडले, म्हणून पोराचा पाय गेला." आणि ती समोरच्या मिरचीवाल्याकडे गेली.

दहा वर्षांची ज्योत्स्ना हळूच म्हणाली, "आज घट्ट धरतो जी. खरंच नाई सोडत."

नवाबभाऊंनी भरलेली सिरिंज खाली ठेवली. खडू घेतला, तिच्याकडे पाठ केली आणि आपल्याच पँटवर, उजव्या कुल्ल्यावर, अधिकचं चिन्ह काढलं.

"हे चार भाग. सुई द्या लागते ते वरच्या, बाहेरच्या भागात. कमरेतून एक जाड नस निघते. ती इथून खाली जाते, मांडीमागून थेट पावलात. पाऊल तिच्याच जोरावर उचलते." त्यांचं बोट चिन्हाच्या खाली, आतल्या बाजूला थांबलं. "मी इथी टोचलं."

"भाऊच्या ढुंगणाले खडू लागला," धनराज खिदळला.

ज्योत्स्ना हसली नाही. "पण पाय तर मीच सोडले ना?"

"सुई त्या नसेत गेली म्हणून त्यानं झटका मारला. म्हणून तुझे हात सुटले. आधी सुई, मंग हात."

"मंग तवाच काऊन नाई सांगितलं?"

नवाबभाऊ वळले नाहीत. "तुझी आई तुले बोलत होती. मले नाई. मले बरं वाटलं."

ज्योत्स्नानं दारात जाऊन हाक मारली, "आई, आत ये. नवाबभाऊले तुले काही सांगायचं आहे."

परत येऊन तिनं बाकावरची जागा हातानं पुसली, आईला बसायला.