कुशलचा पासवर्ड

"आई, आज परत काय डाऊनलोड केलंस?"

न्यूझीलंडमधल्या अप्पर हट गावच्या स्टेशनवरून चालत घरी आलेला कुशल पाठीवरची बॅग न उतरवताच दमयंतीबाईंच्या खुर्चीमागे उभा राहिला. लॅपटॉपवर नेहमीचीच सूचना आली होती: हे अ‍ॅप कुणी बनवलंय ते माहीत नाही, चालवायचं असेल तर पासवर्ड टाका. पासवर्ड कुशलचा. आईच्या हातून भलतंसलतं काही आत शिरू नये म्हणून त्यानंच तशी सोय करून ठेवली होती.

"पत्त्यांचा खेळ आहे रे. बघ बाबा, काही धोका नाही ना?"

कुशल शेजारी टेकला. खेळ कुठून आलाय, त्यात व्हायरस तर नाही, सगळं त्यानं तपासलं. तेवढ्यात थर्मासमधला चहा झाला, ऑफिसातल्या दोन गोष्टी झाल्या. मग त्यानं पासवर्ड टाकला.

"स्वीट अ‍ॅज! एकदम झकास. खेळ आता," असं तिकडच्या बोलीत म्हणत तो कॉलसाठी आपल्या खोलीत गेला. दार लागलं. घर पुन्हा गप्प झालं.

दमयंतीबाईंनी खेळ उघडलाच नाही. काढून टाकायला गेल्या, तर लॅपटॉपनं पुन्हा पासवर्ड मागितला.

त्यांचा उभा जन्म साताऱ्याला टायपिंगच्या क्लासात मुलांची बोटं बघण्यात गेला होता. कुशलची बोटं त्यांनी पहिल्याच दिवशी वाचली होती. त्यांनी सफाईनं पासवर्ड टाकला, खेळ काढला आणि उद्या संध्याकाळसाठी दुसरं काहीतरी शोधायला बसल्या.