अंगठ्याची दोरी

ताई पहिल्या रांगेत बसली होती. एका मांडीवर धाकट्या बहिणीचं पुस्तक, दुसऱ्या मांडीवर धाकट्या बहिणीचा नातू. सभागृहात शिरताच दोन्ही तिच्या हाती आली होती. पुस्तक प्रकाशकाच्या माणसाने दिलं, नातू भाचीने. भाचीला सूत्रसंचालन करायचं होतं. “मावशी, जरा धर गं, तुझ्याकडे तो रडत नाही,” म्हणाली आणि माइककडे पळालीसुद्धा.

‘हसऱ्या घरातली ताई’ या मालिकेची नवी, रंगीत आवृत्ती आज निघत होती. एके काळी मुलींनी ही पुस्तकं पानं सुटी होईपर्यंत वाचली होती. त्या आता आया झाल्या होत्या आणि डोळे पुसत सभागृहात बसल्या होत्या. अर्थात, ज्यांची मुलं सांभाळायला घरी कोणी होतं, त्यांनाच यायला जमलं होतं.

ताईने पुस्तक उघडलं. पूर्वी तिने हे सगळं चाळलं होतं, धाकटीने लिहिलंय याच कौतुकात. आज पहिल्यांदा ओळ न ओळ वाचू लागली. आईबाबा कामावर जातात, मोठी मुलगी भावंडांना सांभाळते आणि दिवसभर गाणी म्हणते. भावंडं भांडत नाहीत, नुसती लटकी रुसतात. बाळ शू करत नाही, शी तर नाहीच नाही. अख्ख्या मालिकेत एक लंगोट दोरीवर वाळताना दिसेल तर शपथ. दूध उतू जातं तेही सगळ्यांना हसता यावं म्हणून. त्या दुधापायी आईची चापट कुणी खाल्ली, ते लेखिकाबाईंना आठवलं नसावं. आठवणार तरी कसं? गाल त्यांचा नव्हता.

मग ते गाजलेलं चित्र आलं. ताईच्या पायाच्या अंगठ्याला पाळण्याची दोरी बांधलेली, हातात शाळेचं पुस्तक. खाली ओळ होती: बाळ झोपलं आणि ताई वर्गात पहिली आली.

ताई चित्राकडे बघत राहिली. दोरी खरी होती. तिच्या उजव्या अंगठ्यावर त्या दोरीचा वळ कित्येक वर्षं होता. पुस्तक मात्र तेव्हा तिच्या हातात नव्हतं. ते समोर भिंतीला टेकून बसलेल्या धाकटीच्या हातात होतं. भावंडं सांभाळायला कोणीतरी हवं, म्हणून ताईचं नाव शाळेतून काढलं होतं. पहिली आली ती धाकटी.

आज ताई आली होती ते एका वाक्यासाठी. धाकटी फोनवर म्हणाली होती, ताई, तुझ्याशिवाय कार्यक्रम कसला, मी सगळ्यांसमोर तुझं नाव घेणार आहे. ताईला सत्कार नको होता. ताई घरी राहिली म्हणून मी शिकले, एवढं एकदा कुणीतरी मोठ्याने बोललेलं तिला ऐकायचं होतं. त्यासाठी तिने ठेवणीतले कपडे काढले होते. त्यांची बाही बाळ आता चघळत होतं.

व्यासपीठावर कौतुकाला ऊत आला होता. एक समीक्षक म्हणाले, ही पुस्तकं म्हणजे मायेचं विद्यापीठ आहे. त्यांनी जन्मात कधी बाळाचं नाक पुसलं असेल असं वाटत नव्हतं, पण विद्यापीठाबद्दल ते बराच वेळ बोलले. लेखिकाबाई मान खाली घालून विनयाने ऐकत होत्या. विनय त्यांना चांगला जमायचा.

भाषणं संपल्यावर मागच्या रांगेतली एक बाई उभी राहिली. तिने विचारलं, ही ताई खरोखरची कुणी होती का?

ताईने पाठ ताठ केली. बाळाच्या तोंडातून बाही सोडवून घेतली आणि केस सारखे केले.

लेखिकाबाईंनी क्षणभर पहिल्या रांगेकडे पाहिलं. मग हसल्या. मुखपृष्ठाच्या मागच्या फोटोत असतं तेच हसू.

“खरं सांगू? लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं, ती ताई म्हणजे मीच.”

आयत्या पिठावर रेघोट्या म्हणतात त्या याच. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या आवाजाने बाळ दचकलं, त्याने भोकाड पसरलं आणि ताईची मांडी ओलीचिंब झाली. लेखिकाबाईंनी हसू जराही न हलवता वरूनच दोन बोटांनी खूण केली: बाहेर ने त्याला. खूण इतकी सवयीची होती की आपण ती केली हे त्यांना कळलंही नसेल.

ताई उठली. दाराकडे मात्र गेली नाही. पुस्तक खुर्चीवर ठेवून ती पायऱ्या चढून व्यासपीठावर गेली आणि बाळ लेखिकाबाईंच्या मांडीवर ठेवलं. समोरचा माइक चालूच होता, त्यामुळे पुढचं मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

“घे. ताई तू ना? ओला झालाय तो.”

टाळ्या अर्ध्यावर थांबल्या. लेखिकाबाई बाळाला दोन्ही हातांनी लांब धरून बसल्या. जवळ घ्यावं तर कपडे खराब होणार, द्यावं तर कुणाला? समीक्षकांनी आपली खुर्ची थोडी पलीकडे सरकवली. फोटोग्राफरला काय करावं कळेना, म्हणून त्याने फोटो काढला.

ताई खाली येऊन आपल्या जागेवर बसली. पुस्तक उचललं, चष्मा पुसला आणि सोडलं होतं तिथून पुढे वाचू लागली. वर बाळ रडत होतं. वाचता वाचता तिचा उजवा पाय आपोआप हलायला लागला. तो तिने डाव्या पायाखाली घट्ट दाबून धरला आणि पान उलटलं.