तिसरा प्रणाम

तिसऱ्या प्रणामाला गंगू आजीचं कपाळ सतरंजीला टेकलं, आणि तिथंच राहिलं.

उठायचं म्हणून तिनं तळहात दाबले. मनगटं सुजून टम्म झालेली, ती कसला भार घेतात! उजवा गुडघा तर सरळ नाहीच म्हणाला. तिनं कंबर जराशी उचलून पाहिली, तर अशी कळ गेली की डोळ्यांपुढं काजवे चमकले.

मेला संधिवात! याला आजच मुहूर्त सापडला.

विहार गच्च भरलेला. पुढं म्हातारी मंडळी, मागं बायापोरं, पांढरे सदरे, पांढऱ्या साड्या, आणि सगळ्यांची डोकी जमिनीला. वंदना घेणाऱ्या गंगू आजीचा आवाज निघाल्याशिवाय कुणी मान वर करायची नाही, हा नियम तिचाच. वीस वर्षांत कितीतरी पोरांचे कान उपटले होते तिनं त्यापायी. आता घ्या!

सकाळीच संघदीपनं, तिच्या लेकानं, विहारात प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली होती. "माय, डॉक्टरनं खाली बसू नको म्हनलं ना तुले?"

"खुर्चीवर बसून वंदना घेतेत का रे? मंग मले मांगं भिंतीपाशी बसवसान, अन् पुढं मंजुषाले."

मंजुषा कॉलेजात शिकलेली, पाली खडाखडा म्हणणारी. वंदनेसाठी समितीत तिचं नाव निघालंय, हे आजीला ठाऊक होतं. पोरगी गुणाची होती, म्हणून तर आजीला जास्त धास्ती.

पंखा घरघरत होता. कुणीतरी खाकरलं. एक पोरगं फिसकन हसलं. आजीच्या जिवाची नुसती उलघाल. लेकाला हाक मारावी तर पुढची जागा आजच गेली, न मारावी तर अख्खं गाव आपल्यामागं ओणवं. तिनं मनात दहा मोजले, पुन्हा जोर केला. नाही. पुन्हा दहा मोजले. पाय जणू दुसऱ्याच कुणाचे.

"ध्यान लागलं वाटते आजीचं," मागून एक बाई कौतुकानं कुजबुजली.

आजीला रडूच कोसळलं. डोंबलाचं ध्यान! हा फुकटचा मान घेऊन पडून राहायचं, तेही बुद्धाच्या पायाशी? खोटं बोलणार नाही, असं आत्ताच तर तिनं सगळ्यांकडून म्हणवून घेतलं होतं.

"उठा तुमी समदे," ती सतरंजीतच पुटपुटली. मग मोठ्यानं म्हणाली, "उठा! माह्याच्यानं उठनं होत नाही. गुडघा धरला माहा."

एकदम सळसळ झाली. पोरं उठली, बाया उठल्या. संघदीप धावत पुढं आला आणि मधेच थबकला. पुढची सगळी ओळ अजून खालीच होती. गोमतीबाई, ललिताबाई, इंद्रभान, कुणाचंच डोकं वर नाही. आधी कुणाला उचलावं, तेच त्याला कळेना.

इंद्रभाननं कपाळ न उचलता मान तेवढी आजीकडं वळवली. म्हाताऱ्याचा चेहरा घामानं डबडबला होता.

"कायले सांगतलं व गंगू?" तो म्हणाला. "तू खाली होती तवर आमची इज्जत होती ना!"