सुटण्याचा कोन

गच्चीवरच्या दोरीवर चौतीस टी-शर्ट होते. सगळे पिवळे, सगळे पॉलिस्टरचे, सगळे कोरडे. शेजारच्या दोरीवर एकोणीस सुती ओढण्या होत्या. त्या अजून ओल्या होत्या. पस्तिसावा टी-शर्ट घडी घातलेला, जानकीच्या हातात होता. तो परत द्यायला ती आली होती.

आदल्या संध्याकाळी भांडुपच्या या मुलींच्या गोविंदा पथकाने नव्या टी-शर्टवर पहिल्यांदाच पाणी मारून सराव केला होता. दुसऱ्या थरात पथकाची कॅप्टन श्वेता होती. तिसऱ्या थरात चढताना जानकीचा उजवा पाय श्वेताच्या खांद्यावरून सटकला. चार जणी खाली आल्या. खालच्यांनी झेललं म्हणून खरचटण्यावर निभावलं. आज रविवार होता. दहीहंडी गुरुवारी.

"पाय कापतो तिचा," श्वेता म्हणाली. "मला खांद्यावर कळतं ना. गुरुवारी तिच्या जागी तेजल चढेल."

"सहा वर्षं चढतेय मी," जानकी म्हणाली. "पाय नाही कापला."

"मग काय, माझा खांदा पळाला?"

दोघी-तिघी हसल्या. जानकी हसली नाही. पथकाला शिकवणाऱ्या नंदूदादाने टी-शर्ट घ्यायला हात पुढे केला.

"थांब रे दादा," ऋतिका म्हणाली. "दोष टी-शर्टचा आहे. मागच्या वर्षी कॉटनचे होते, तेव्हा कोणी पडलं नव्हतं."

ऋतिका सगळ्यात खालच्या थरात उभी राहायची. यंदाच ती फिजिक्स घेऊन बीएस्सी झाली होती आणि तिची खात्री होती. पॉलिस्टर पाणी जवळजवळ शोषत नाही. म्हणून ते लवकर वाळतं, म्हणून त्याच्या छत्र्या आणि दप्तरं होतात. न शोषलेलं पाणी वरच राहणार आणि पाय घसरणार. हिशोब सरळ होता.

"गो, टी-शर्ट दुकानदाराने फुकट दिलेत," नंदूदादा म्हणाला. "आता काय साड्या नेसून चढणार?"

"आधी मोजून तर बघू."

तिने पाण्याच्या टाकीमागची फळी ओढून आणली. एका विटेच्या तळाला जुन्या चामडी पट्ट्याचा तुकडा बांधला. तळपायाच्या कातडीला त्यातल्या त्यात जवळचं तेच होतं. फळीवर कापड ताणून बसवायचं, वर वीट ठेवायची आणि फळीचं एक टोक हळूहळू उचलायचं. वीट सुटेल तो कोन मोबाइलवर वाचायचा. जितका मोठा कोन, तितकी चांगली पकड. प्रत्येक कापड तीनदा.

आधी मागच्या वर्षीचा सुती टी-शर्ट, ओला करून. ३६, ३५, ३६.

मग तिचा स्वतःचा पॉलिस्टरचा, तोही ओला. ३४, ३३, ३४.

ऋतिकाने आकडे पुन्हा वाचले. मग फळीखाली हात घालून बघितला. खालून पाणी ठिबकत होतं. टी-शर्टच्या विणीला बारीक भोकं होती. पाणी वर राहिलंच नव्हतं, भोकांतून खाली गेलं होतं.

"दोन अंशांचा फरक आहे," ती म्हणाली. बोलणं भाग होतं. "एवढ्याने पाय सटकत नाही. दोष कापडाचा नाही."

जानकीने घडी नंदूदादाच्या हातात ठेवली.

"झालं ना आता? मोजलंस पण," ती ऋतिकाला म्हणाली आणि जिन्याकडे वळली.

"थांब," ऋतिका म्हणाली. "मी माझा टी-शर्ट मोजला. तू माझ्या खांद्यावर कुठे चढली होतीस?"

श्वेता हसली. "माझा हवाय? घे की. बिनधास्त मोज."

तिनेच दोरीवरून स्वतःचा टी-शर्ट काढला आणि फळीवर ताणून बसवला. कापड तेच होतं. फक्त दोन्ही खांद्यांवर काळ्या, जाड, रबरी अक्षरांत 'कॅप्टन' असं होतं. मालाडला जाऊन तिने ते खास छापून आणलं होतं. पस्तिसांत तसा तो एकच होता.

ऋतिकाने विटेखालचा पट्टा कोरडा पुसला आणि वीट अक्षरांवर ठेवली. कोरड्या छपाईवर ती सुटेचना. फळी चांगली वर गेली तेव्हा हलली. ४१, ४१, ४०.

"बघितलंस? सगळ्यात भारी पकड माझ्या खांद्याला," श्वेता म्हणाली. "आठवडाभर यावरच चढत होती ती. तेव्हा बरा सटकला नाही पाय."

"आठवडाभर सराव कोरडा होता," ऋतिका म्हणाली.

"मग ओला कर. घाबरतं कोण?" श्वेताने टमरेल भरलं आणि स्वतःच्या हाताने टी-शर्टवर ओतलं.

कापडावरचं पाणी खाली गेलं. अक्षरांवरचं तिथेच राहिलं, एकसंध, चकाकत. जिन्यापाशी जानकी थांबली होती. नंदूदादा वाकून बघत होता.

ऋतिकाने वीट ठेवली आणि फळीचं टोक उचललं. मग दुसऱ्यांदा. मग तिसऱ्यांदा. कोन तिने मोठ्याने वाचले.

"चौदा. तेरा. चौदा."