सुटलेली ओळ

बुकबाइंडर पहिल्याच शब्दावर अडकला. प्रार्थनेला जमलेले सगळे खाली फरशीकडे बघू लागले. फरशीत बघण्यासारखं काही नव्हतं.

सिनेगॉगमध्ये सगळ्यांसमोर तोरा, म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ, वाचायची त्याची ही पहिलीच वेळ, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी. रिवाजाप्रमाणे तेराव्या वर्षी यायची ती वेळ तोतरेपणामुळे पुढे ढकलली गेली, ती गेलीच. घरून निघताना तो बहिणीला म्हणाला होता, "कुणी कीव केली, तर परत तिथे पाऊल ठेवणार नाही." एवढं बोलेपर्यंत दोघं तीन मजले उतरले होते.

धोका एकच होता, पुढच्या बाकावरचे चष्मेवाले आजोबा. वाचणारा चुकला की ऐकणाऱ्यांनी तिथल्या तिथे टोकायचं, अशी रीत. आजोबा ती हौसेने पाळत. स्वतःच्या जावयाला लग्नाच्या आठवड्यातच त्यांनी नऊ वेळा टोकलं होतं. म्हणून तिथले धर्मगुरू, रब्बी, यांनी त्यांना आधीच बाजूला घेतलं. "आपल्या मोशे प्रेषिताचीसुद्धा जीभ जड होती, आजोबा. आज जरा दमाने घ्या."

"बघू," आजोबा म्हणाले.

शब्द सुटला. पुढचा अडकला. कुणी मध्ये तोंड घातलं नाही. सगळे मायेने मान हलवत होते. इतक्या मायेने, की मागच्या बाकावर दोघांना डुलकी लागली. आजोबा ओठ मिटून समोरच्या पुस्तकावर बोट सरकवत होते.

मग अचानक दोन ओळी एका दमात गेल्या. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

"थांब," आजोबा गरजले. "मधली एक ओळ राहिली. मागे जा."

रब्बींनी डोळे मिटले. बहीण उठून दाराकडे वळली, कारण आता भाऊ तिकडेच येणार होता.

बुकबाइंडर आजोबांकडे बघत राहिला. मग मागे गेला आणि राहिलेली ओळ वाचली. तिला चार मिनिटं लागली. त्यातही आजोबांनी एकदा टोकलंच.

वाचन संपताच रब्बी लगबगीने त्याच्याजवळ आले. "मनावर घेऊ नकोस रे. त्यांचा स्वभावच तसा."

"पु-पुढच्या आठवड्यालाही मीच वाचणार."

"बरं. आजोबांना मागे बसवू का?"

"नको, पुढे बसवा. बा-बाकीचे माझं संपायची वाट बघत होते. ते ए-एकटेच ऐकत होते."