दोरीची कोरडी बाजू

"कुणी पडतच नाही काका, मग तुमचं काम काय?" साहेबांनी विचारलं. आवाज चढवला नव्हता. उलट खुर्ची पुढे सरकवली होती.

दोरीकाका बसले नाहीत. बूट ओले होते आणि साहेबांच्या खोलीची फरशी गुळगुळीत.

दुधाच्या कारखान्यात लोण्याच्या विभागाची फरशी धुवायची आणि कुणी घसरणार नाही हे बघायचं, एवढंच त्यांचं काम. लोणी सांडलं तर दिसतं. गरम पाण्याने वितळून पसरलं की काही दिसत नाही, पाय ठेवल्यावरच कळतं. म्हणून ते मधोमध दोरी ताणत. एक बाजू धूत, दुसरी कोरडी ठेवत. तळहात फिरवून पाहिल्याशिवाय कुणाला पाऊल टाकू देत नसत. कोरड्या बाजूने माणसं मागे वळून गप्पा मारत चालत, एवढा त्यांच्यावर भरवसा. नावही त्या दोरीवरूनच पडलेलं.

साहेब म्हणाले, फरशी धुणारं यंत्र येतंय, महिनाअखेरीस ही जागा बंद. मग म्हणाले, "मागेही मी तुम्हाला हेच सांगितलं होतं. पण वहिनींचं तसं झालं आणि पुन्हा विषय काढायला माझं तोंडच उघडेना."

काकांची बायको इथेच पॅकिंगला होती. याच विभागात घसरली, डोकं टाकीच्या कडेवर आपटलं आणि जागच्या जागी गेली. तेव्हापासून काका दुप्पट जपून काम करत. घरी बोलायला कुणी उरलं नव्हतं. इथे निदान माणसं हाका मारत. हे काम गेलं तर दिवसभर भिंतींकडे बघत बसायचं, एवढंच त्यांच्या नशिबी होतं.

बातमी पॅकिंगच्या टेबलापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. यंत्राला सारखा चहा पाजावा लागणार नाही, तेवढाच कारखान्याचा फायदा, असं कुणीतरी म्हणालं आणि तिथल्या सगळ्या बायका हसल्या. काकांची मेहुणी हसली नाही. ती तडक साहेबांच्या दारात गेली, ज्या माणसाची बायको तुमच्या फरशीवर गेली त्यालाच घरी बसवता का, असं विचारून आली. साहेबांनी खाली मान घालून ऐकून घेतलं. निर्णय मात्र बदलला नाही.

"भाऊजी, तुम्ही तरी तोंड उघडा की," ती काकांवरच उखडली. "गप्प बसून बसून सगळं घालवाल."

"बोलून त्यांना पटायचं नाही," काका म्हणाले.

मग त्यांनी सहज विचारलं, साहेब अजून जेवणाच्या सुट्टीतच फेरी मारतात का. हो, म्हणाली ती, यंत्रं बंद असतात ना, एकटेच हिंडतात, टाकीपाशी उभे राहतात.

"तुमचा डबा इकडे आणून देऊ?"

"नको. आणि जेवण होईपर्यंत तुम्ही कुणी इकडे फिरकू नका. फरशी ओली असेल."

तिचे डोळे भरून आले. स्वतःच्या पोटावर पाय आलाय, आणि या माणसाला अजून आमच्याच हातापायांची काळजी.

सुट्टीची घंटा झाली. बायका उपाहारगृहात गेल्या. काकांनी एक बाजू धुतली, दोरी ताणली. मग कोरड्या बाजूला, टाकीच्या वळणावर, ते गुडघ्यांवर बसले. मूठभर लोणी फरशीला चोळलं. वरून मगभर गरम पाणी सोडलं, ओल फडक्याने टिपून घेतली. खिडकीच्या उजेडात मान वाकडी करून पाहिलं. काही दिसत नव्हतं.

वर साहेबांचं दार वाजलं.

काका उठले, हात पुसले आणि उपाहारगृहाच्या दाराला बाहेरून कडी घातली. मागच्या वेळी एवढं सुचलं नव्हतं, आणि साहेबांच्या आधी काकांचा डबा घेऊन त्यांची बायको आली होती.