बुटकी चौकट

निजामाच्या राज्यात मुरूम गावच्या भर पेठेतलं बंडप्पाचं जुनं घर विकायला निघालं, तेही स्वस्तात. एके काळी डोक्यावर ताकाचं मडकं घेऊन याच पेठेत हिंडलेली इरम्मा महेबूब गवंड्याला घेऊन ते बघायला गेली, आणि दारातच तिचं कपाळ चौकटीवर आपटलं.

बंडप्पा ओट्यावरनं हलला नाही. "मुद्दाम बुटकी ठेवलीया आमच्या आज्यानं. या दारात येणाऱ्यानं मान खाली घालूनच यावं. ताकवालीला कुठनं ठावं असणार?"

इरम्मानं कपाळ चोळलं. "लाकूड सागवानी हाय. आतली माणसं किडकी निघाली, त्याला लाकडानं काय करावं?"

भिंती पक्क्या होत्या, अंगणातल्या आडाला गोडं पाणी होतं. मग बंडप्पानं स्वस्ताईचं खरं कारण काढलं. शेजारीच त्यानं नवं घर बांधलं होतं, पण लिंगपूजेला पाणी मात्र याच आडाचं लागायचं. रोज पहाटे याच दारानं आत येऊन तो ते स्वतःच्या हातानं शेंदून नेणार, ही त्याची अट.

महेबूब तिच्या कानाशी लागला. "घेऊ नका, अक्का. ह्यो रोज घरात घुसंल."

इरम्मानं उभ्या उभ्या घर घेतलं.

ताबा मिळाला त्या दिवशी महेबूब छन्नी-हातोडा घेऊन आला. "पहिलं ही चौकट वर उचलून घेऊ, अक्का."

 

"तिला हात लावू नको," इरम्मा म्हणाली. "उद्या पहाटे बंडप्पाला पाण्याला यायचंय."